री-व्होल्टची गाडी नोटपॅडमधे उघडा आणि आपल्या हाताला बसवा

री-व्होल्ट ज्यांनी खेळलाय त्यांना वेगळं काय सांगणार, पण ज्यांच्या वाट्याला आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९९९ सालचा अक्लेमचा गेम, रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या, आणि ट्रॅक म्हणजे कुणाची तरी कॉलनी, सुपरमार्केट, म्युझियम, बोट. गाडी एवढीशी असल्यामुळे फुटपाथची कड पण अडथळा होते आणि अंगणातून घरंगळत आलेला बास्केटबॉल तुम्हाला उडवून लावतो. अक्लेम २००४ मधे बंद पडली, पण चाहत्यांनी गेम सोडला नाही, त्याचं इंजिन नव्याने लिहून काढलं आणि आज आपण जो खेळतो तो आरव्हीजीएल, म्हणजे तोच गेम, तेच हँडलिंग, पण आजच्या विंडोजवर, लिनक्सवर, मॅकवर आणि अँड्रॉइडवर पण चालणारा.

आता हाच गेम का निवडला, रेसिंग गेम तर ढिगाने आहेत. कारण बाकीच्या बऱ्याच गेममधे गाडीचा डेटा कुठल्या तरी बायनरी फाईलमधे दडवलेला असतो, तो काढायला वेगळा टूल, परत पॅक करायला वेगळा टूल, आणि एवढं करून गेम क्रॅश. री-व्होल्टमधे गाडी म्हणजे एक फोल्डर आणि त्यात एक टेक्स्ट फाईल. बस्स. नोटपॅड येत असेल तर तुम्ही मॉडिंग, म्हणजे गेममधे आपल्याला हवे तसे बदल, करू शकता. आणि माझं ठाम मत आहे की गाडी नुसती फास्ट करण्यात काही मजा नाही, एकेक आकडा बदलून तीच लॅप परत मारायची आणि गाडी हाताला वेगळी कशी लागते ते ओळखायचं, खरा आनंद तिथे आहे.

आधी तयारी. आरव्हीजीएल टाकायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे त्याचा लाँचर, तो लागणारे पॅक (गेमच्या फाईलींचे गठ्ठे) उतरवतो आणि अपडेट पण करत राहतो. मॉडिंगसाठी मात्र मी नेहमी गेमची एक वेगळी साधी कॉपी ठेवायला सांगतो, कारण लाँचरने टाकलेल्या पॅकमधे हात घातला आणि पुढच्या वेळी अपडेट आलं की तुमचे बदल पुसले जाऊ शकतात. वेगळ्या कॉपीत तुम्ही काहीही मोडा, खेळायचा गेम शाबूत राहतो.

मग री-व्होल्ट वर्ल्ड या साईटवरून तुम्हाला आवडेल अशी एखादी गाडी उतरवून घ्या, चाहत्यांनी बनवलेल्या शेकड्यांनी आहेत. गेमबरोबर आलेल्या मूळ गाड्यांना हात लावू नका, आरसी बँडिट ही आरसी बँडिटच राहू दे, कारण तुलना करायला एक तरी न बदललेली गाडी लागतेच. झिप उघडलीत की आत बहुतेक वेळा कार्स नावाचं फोल्डर असतं, ते गेमच्या मुख्य फोल्डरमधे सोडायचं, म्हणजे आतली गाडी आपोआप गेमच्या कार्स फोल्डरमधे जाऊन बसते. गाडी मेनूत दिसत नाही अशी तक्रार बरेच जण करतात, आणि दरवेळी बघावं तर कार्सच्या आत परत कार्स असं फोल्डर झालेलं असतं. ट्रॅकचं पण तसंच, फक्त तिथे लेव्हल्स आणि जीएफएक्स अशी दोन फोल्डर असतात आणि दोन्ही जागच्या जागी जायला हवीत. लिनक्सवाल्यांनी अजून एक बघायचं, सगळी फाईलनावं इंग्रजीतल्या लहान (स्मॉल) अक्षरांत हवीत, नाहीतर गेमला फाईल सापडत नाही.

गाडीचं फोल्डर कॉपी करा, नवीन नाव द्या, आणि आतली पॅरामीटर्स नावाची टेक्स्ट फाईल उघडा. सगळ्यात वर गाडीचं नाव असतं ते बदला, नाहीतर मेनूत एकाच नावाच्या दोन गाड्या दिसतील आणि कुठली कुठली ते कळणार नाही. त्याच्या खाली मॉडेल (बॉडी आणि चाकांचे आकार), टीपेज (रंगाची फाईल) आणि कोल (धडकेसाठीचा आकार) अशा ओळी आहेत, त्यात फाईलचा रस्ता लिहिलेला असतो, तिथे जुन्या फोल्डरच्या जागी नवीन फोल्डरचं नाव टाका. हे विसरलात तरी गाडी चालेल, पण ती जुन्या फोल्डरमधून रंग आणि बॉडी उचलत राहील आणि मग तुम्ही रंग बदलूनही काहीच बदलत नाही म्हणून डोकं धरून बसाल.

अजून एक सवय आत्ताच लावून घ्या. या फाईलमधे सेमीकोलनच्या पुढचं सगळं गेम वाचत नाही, ती नुसती टीप असते. त्यामुळे आकडा बदलला की जुना आकडा त्याच ओळीत सेमीकोलन टाकून लिहून ठेवा, परत जायचं झालं तर शोधत बसावं लागत नाही. फक्त सेमीकोलनला चिकटून लगेच बंद कंस टाकू नका, तशी ओळ आरव्हीजीएल वाचतो, त्याच्या जास्तीच्या सेटिंग तशाच लिहायची पद्धत आहे.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीच्या भागात टॉपएन्ड, अ‍ॅक, वेट, हँडलिंग असे आकडे दिसतील आणि नवीन माणूस आधी तेच वाढवतो, मग गाडी तशीच का चालते म्हणून वैतागतो. ते सगळे आकडे मेनूत दाखवायचे पट्टे आहेत फक्त, गाडी त्यावर चालत नाही. ट्रान्स म्हणजे फोर व्हील की फ्रंट व्हील ड्राईव्ह, ते पण तिथे नुसतं दाखवायला. खरा वेग टॉपस्पीड या ओळीत आहे, मैल प्रति तास मधे, आणि तो पण कागदावरचा वेग, हवेचा अडथळा धरून प्रत्यक्षात थोडा कमीच मिळतो. खरा पिकअप तर अजून खाली, प्रत्येक चाकाच्या भागात इंजिनरेशो म्हणून आकडा आहे तिथे.

चाकं चार, शून्यापासून मोजलेली: ० पुढचं डावं, १ पुढचं उजवं, २ मागचं डावं, ३ मागचं उजवं. प्रत्येकाला इजपॉवर्ड आणि इजटर्नेबल अशा दोन ओळी, ट्रू किंवा फॉल्स. म्हणजे गाडी रियर व्हील ड्राईव्ह करायची तर पहिल्या दोन चाकांचं इजपॉवर्ड फॉल्स करायचं. पण मग चारऐवजी दोनच चाकं जोर लावतात, एकूण जोर निम्मा झाला, म्हणून मागच्या दोघांचा इंजिनरेशो वाढवावा लागतो. एकदम दुप्पट करू नका, गाडी जागेवर चाकं फिरवत बसेल, थोडं थोडं चढवत जा.

स्टिअरिंगसाठी स्टिअररेशो. पुढच्या चाकांचा हा आकडा मायनसमधे असतो, साधारण वजा ०.३ च्या आसपास, मायनस जितका मोठा तितकी चाकं जास्त वळतात. फार वाढवलात तर वळण घट्ट होत नाही उलट गाडी घसरते, कारण टायरला तेवढं धरताच येत नाही. मागची चाकं पण वळवायची असतील तर त्यांचं इजटर्नेबल ट्रू करा आणि आकडा प्लसमधे छोटासा ठेवा, मग मागची चाकं उलटी वळतात आणि गाडी अरुंद जागेत झटकन फिरते, सुपरमार्केटच्या रॅकमधल्या कोपऱ्यांना ही गाडी भारी लागते.

ग्रिप हा विषय सगळ्यात खोल आहे आणि इथे वेळ घालवा. प्रत्येक चाकाला स्टॅटिकफ्रिक्शन आणि कायनेटिकफ्रिक्शन असतं. चाक घसरत नाही तोपर्यंत पहिला आकडा, एकदा घसरायला लागलं की दुसरा, आणि दुसरा बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा थोडा कमी. दोघांमधलं अंतर जितकं जास्त तितकी गाडी अचानक सुटते, अंतर कमी ठेवलं तर हळूहळू सरकते आणि सावरायला वेळ मिळतो. ड्रिफ्ट करणारी गाडी हवी असेल तर पुढे तसंच ठेवून मागच्या चाकांचे दोन्ही आकडे किंचित खाली आणा, अगदी ०.०५ ने सुद्धा फरक जाणवतो. शेपूट सुटतं, तुम्ही उलटं स्टिअरिंग मारून धरून ठेवता, आणि टॉइज इन द हूडची (कॉलनीतल्या ट्रॅकची) ती वळणं आडवी घेत जाणं यासारखं सुख नाही! उलट गाडी सरळच जाते आणि वळतच नाही असं वाटत असेल तर मागचं कमी करायच्या आधी पुढच्या चाकांचं थोडं वाढवून बघा.

गाडी सारखी उलटते ही दुसरी मोठी तक्रार, विशेषतः ट्रक आणि जीपवाल्या गाड्यांची. त्याला औषध सीओएम म्हणजे वजनाचा मध्य. तीन आकडे असतात आणि मधला वर-खालीचा. लक्षात ठेवा, या गेममधे प्लस म्हणजे खाली, वर नाही. म्हणजे मधला आकडा वाढवला की वजन खाली जातं आणि गाडी जमिनीला बसते. जास्त खाली नेलंत तर मात्र गाडी निर्जीव वाटते, वळताना जराही कलत नाही आणि मोठ्या चाकाच्या गाडीचा सगळा स्वभावच जातो, म्हणून एकेक युनिटनेच जा.

स्प्रिंगच्या भागात स्टिफनेस आणि डॅम्पिंग बघा. स्टिफनेस कमी केला की गाडी मऊ होते, खडबडीत ट्रॅकवर चाकं जमिनीला धरून राहतात, पण उडी मारून खाली आली की पोट टेकतं. डॅम्पिंग कमी पडलं तर उतरल्यावर गाडी दोन-तीनदा उसळत राहते. उडीत गाडी हवेतल्या हवेत गिरक्या घेत असेल तर बॉडीच्या भागातला रेझमॉड (गिरकीला हवेचा अडथळा) थोडा वाढवा, तो हवेत असतानाच काम करतो. इनर्शियाच्या तीन ओळी आणि शेवटचा एआयचा, म्हणजे कॉम्प्युटर गाडी कशी चालवतो त्याचा भाग, यांना सुरुवातीला हात लावू नका.

टेस्ट करायची पद्धत सांगतो कारण यातच लोक घाई करतात. एका वेळी एकच आकडा बदला. फाईल सेव्ह करा, गेम बंद करून परत चालू करा, टाईम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्ध पळायचा प्रकार) लावा, दरवेळी तोच ट्रॅक. मी टॉइज इन द हूड १ सुचवेन, ओळखीचा आहे, मोकळा आहे, आणि टाईम ट्रायलला मधे कोणी रॉकेट मारायला येत नाही. गेममधे सिम्युलेशन, आर्केड, कन्सोल, ज्युनियर असे मोड आहेत, टेस्टला त्यातला एकच धरून ठेवा नाहीतर फरक गाडीचा की मोडचा ते कळणार नाही. पहिली लॅप सोडून द्या, पुढच्या दोन-तीन लॅपचा टाईम आणि एका ओळीत गाडी कशी वाटली ते लिहून ठेवा. टाईम सुधारला पण चालवायला कंटाळवाणी झाली असं पण होतं, आणि तेव्हा मी टाईम सोडून देतो.

रंगासाठी फोल्डरमधली कारची बीएमपी फाईल जिम्प किंवा पेंट डॉट नेटमधे उघडा, मूळची साईज २५६ बाय २५६ आणि २४ बिट, सेव्ह करताना २४ बिटच ठेवा. इथे एक खास गोष्ट आहे: पूर्ण काळा रंग, म्हणजे तिन्ही रंग शून्य, हा गेम पारदर्शक समजतो. काळी गाडी करायला गेलात तर बॉडीला भोकं पडलेली दिसतील. काळा हवा असेल तर तिन्ही आकडे ८ वगैरे ठेवा, डोळ्याला काळाच दिसतो. चाकाचं मॉडेल दुसऱ्या गाडीतून आणून मोठं लावलंत तर रेडियस पण त्याच मापाचा करा, नाहीतर चाक जमिनीत रुतलेलं दिसतं.

गाडी जमली की मेनूतले पट्टे आणि रेटिंग पण खरं लिहा. रेटिंग ० म्हणजे रूकी आणि ४ म्हणजे प्रो. फास्ट गाडीला रूकी लिहून कॉम्प्युटरच्या हळू गाड्यांना हरवण्यात काय अर्थ आहे, दुसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो. उलट मला सगळ्यात जास्त मजा येते ती रूकी गाड्यांच्या रेसमधे, सगळ्या हळू, सगळ्या जवळजवळ, आणि शेवटच्या वळणावर कुणाच्या तरी वॉटर बलूनने सगळा निकाल फिरतो. घरी लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी एखादी छान दिसणारी प्रो गाडी घेऊन टॉपस्पीड आणि इंजिनरेशो कमी करा, ग्रिप वाढवा, सीओएम खाली घ्या, आणि स्प्लिट स्क्रीनवर बरोबर बसून खेळा. नवीन माणसाला सगळे ट्रॅक लगेच दाखवायचे असतील तर प्लेयरचं नाव ट्रॅकर असं इंग्रजीत टाका, सगळे ट्रॅक उघडतात, आणि कार्निव्हल टाकलं तर सगळ्या गाड्या. मेकइटगुड असं नाव टाकलं तर ट्रॅक एडिट करायचा मोड उघडतो, त्यात दिवे, वस्तू, एआयचा रस्ता सगळं हलवता येतं, पण तो वेगळाच मोठा विषय आहे. सुरुवात करायची तर गेममधलाच ट्रॅक एडिटर घ्या, तुकडे जोडून पंधरा मिनिटांत ट्रॅक तयार होतो.

मित्रांबरोबर ऑनलाईन खेळणार असाल तर बदललेल्या गाडीचं आख्खं फोल्डर सगळ्यांकडे सारखं असायला हवं, नुसती पॅरामीटर्स फाईल पाठवून काम होत नाही, कुणाकडे तरी जुनी बीएमपी राहतेच. आणि गाडी पुढे कुठे अपलोड करायची असेल तर आधी मूळ गाडीबरोबर आलेली रीडमी, म्हणजे माहितीची टेक्स्ट फाईल, वाचा. मॉडेल कुणी बनवलं, रंग कुणी दिला, चाकं कुठून घेतली हे त्यात लिहिलेलं असतं, काही जण बदल करायला मोकळी परवानगी देतात, काही जण आधी विचारा म्हणतात. त्यांची नावं तुमच्या रीडमीत जशीच्या तशी ठेवा आणि खाली तुम्ही कुठले आकडे बदलले ते लिहा, म्हणजे पुढचा माणूस तिथून पुढे काम करू शकेल.