प्लगच्या वायर बदलताय? या चुका टाळा

स्पार्क प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या नव्या वायर टाकल्या आणि गाडी आधीपेक्षा जास्तच आचके खायला लागली, हे माझ्या पिकअपच्या बाबतीत घडलंय. सपाटीवर ठीक, पण माल भरून चढ लागला की मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही. आधी संशय कॉइलवर (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीपुरतं वाढवणारा भाग), मग टाकीतून इंजिनकडे पेट्रोल ढकलणाऱ्या पंपावर. दोन दिवस वाया गेल्यावर सापडलं काय, तर तिसऱ्या सिलिंडरच्या वायरचं रबर खाली छान टेकलेलं होतं, पण आतली क्लिप प्लगच्या टोकावर बसलीच नव्हती. दोन-तीन मिलिमीटरची फट, आणि ठिणगी रोज ती फट ओलांडून जात होती. क्लिपचं तोंड जळून काळं झालेलं. वायर मीच बसवली होती, त्यामुळे ओरडायलाही कोणी नव्हतं.

वायर वयाने मरते तशी हातानेही मरते, आणि माझ्या मते हाताने जास्त.

सुरुवातीलाच एक गोष्ट. डिझेल पिकअपला या वायर नसतातच. पेट्रोल गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवलेली असेल, तरी वायर नसते, फक्त प्लगवर बसणारा रबरी बूट असतो. पुढचं सगळं डिस्ट्रिब्युटरवाल्या (एका कॉइलची वीज फिरत्या रोटरने पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) किंवा एकत्रित कॉइल-पॅकवाल्या गाड्यांसाठी.

वायर धरून ओढणं

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. बहुतेक वायरींच्या आत तांब्याची तार नसते. कार्बन मुरवलेले काचतंतू असतात, कारण तांब्याच्या साध्या तारेमुळे रेडिओत खरखर येते आणि इंजिनच्या कंप्युटरलाही त्रास होतो. हे तंतू ताण सहन करत नाहीत. बाहेरून वायर अखंड दिसते, पण आत तंतू तुटलेला किंवा क्लिपमधून सुटलेला असतो. ठिणगी त्या तुटलेल्या जागेवरून उडी मारत राहते, जागा जळत जाते, आणि महिन्याभराने एका सकाळी तो सिलिंडर गप्प होतो.

बरोबर पद्धत अशी: इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बूट हातात धरून आधी डावीकडे-उजवीकडे अर्धा वेढा फिरवा. प्लगला चिकटलेलं रबर ‘चक्’ असा बारीक आवाज करून सुटतं. मग बूट धरूनच सरळ वर ओढा. फिरत नसेल तर बूट काढायचा वाकडा चिमटा मिळतो, तो वापरा. नेहमीच्या पकडीने बूट फाटतो.

मल्टीमीटरवर आंधळा विश्वास

वायर काढून रेझिस्टन्स मोजणं चांगलंच. कार्बनच्या वायरीत फुटामागे साधारण ३ ते १२ हजार ओम दिसतात, तारेचा वेढा असलेल्या स्पायरल वायरीत त्याहून बरेच कमी. नेमकी मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावी. संचातल्या वायरींची आपसात तुलना केली तर आणखी बरं: लांब वायर जास्त दाखवणारच, पण आखूड वायर लांब वायरीपेक्षा जास्त दाखवत असेल तर तिच्यात काहीतरी बिघडलंय. मोजताना वायर हळूच वाकवून बघा. आकडा नाचला तर ती वायर गेली.

पण मीटर फक्त आतला गाभा तपासतो. त्याच्या बॅटरीचे मोजके व्होल्ट कुठे आणि वायरीतून जाणारे वीस-तीस हजार व्होल्ट कुठे! वरच्या इन्सुलेशनला केसाएवढी चीर असली तरी मीटर ‘सब ठीक’ म्हणतो, आणि पावसाळी सकाळी गाडी थरथरते.

इन्सुलेशनची परीक्षा अंधारात होते. रात्री बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि डोळे सरावू द्या. गळकी वायर जवळच्या लोखंडाकडे बारीक निळे धागे सोडताना दिसेल, कान दिला तर टिकटिकही ऐकू येते. काहीच दिसत नसेल तर फवाऱ्याने पाण्याचं अगदी हलकं धुकं मारा. गळती असेल तर लगेच उघडी पडते आणि इंजिन अडखळतं. यावेळी वायरींना हात लावायचा नाही, सैल बाही आणि पंखा यांची गाठ पडू द्यायची नाही, आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी बॉनेटजवळ थांबूच नये.

चालू इंजिनवर वायर उपटून बघणं

एकेक वायर काढायची आणि कोणता सिलिंडर मेलाय ते ओळखायचं, ही जुनी युक्ती आता सोडा. ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइलचं व्होल्टेज वर चढत जातं आणि शेवटी कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून किंवा इग्निशन मॉड्युल मारून बाहेर पडतं. शिवाय न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि कन्व्हर्टरची किंमत वायरींच्या कितीतरी पट असते. गाडीच्या कंप्युटरला जोडायचा स्कॅनर असेल तर बिघाडाचा कोड वाचा: पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. नसेल तर साधा स्पार्क टेस्टर पुरतो.

कोड वाचताना एक लक्षात ठेवा. काही कॉइल-पॅकमध्ये एक कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते, चार सिलिंडरच्या इंजिनात बहुधा १-४ आणि २-३ अशा जोड्या. जोडीतले दोन्ही सिलिंडर एकदमच बिघडले तर आधी कॉइलकडे बघा. पण एका वायरीत पूर्ण तूट असली तरी जोडीदाराची ठिणगी कमजोर होऊ शकते, म्हणून कॉइल विकत घ्यायच्या आधी दोन्ही वायर मोजा.

सगळ्या वायर एकदम काढणं, आणि कशाही नेणं

एक काढा, तिच्या लांबीची नवी शोधा, बसवा, मग दुसरी. एवढं पाळलं तर क्रम चुकायचा प्रश्नच येत नाही. एकदम काढायच्याच असतील तर आधी मोबाइलवर फोटो घ्या.

वायर कुठून न्यायची याला मात्र लोक फार हलकं घेतात. मूळ प्लास्टिकचे खाचेदार क्लिप तुटले की सगळ्या वायर एका टायने जुडी बांधून मोकळे होतात. दिसायला नीटनेटकं, इंजिनला घातक. जुन्या अमेरिकी व्ही-८ पिकअपमध्ये हा खेळ चांगला दिसतो. तिथे अनेक इंजिनांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ असतो. पाच आणि सात हे सिलिंडर शेजारी-शेजारी, आणि फायरही एकापाठोपाठ होतात. त्यांच्या वायर लांबपर्यंत समांतर गेल्या तर पाचच्या वायरीतला झटका सातच्या वायरीत उतरतो. सातवा पिस्टन तेव्हा मिश्रण दाबत वर येत असतो, आणि त्याला क्रँकच्या ९० अंश आधी ठिणगी मिळते. चालकाला ऐकू येते ती ठोकर, आणि तो ठिणगीचं टायमिंग फिरवत बसतो. या दोन वायरींत अंतर ठेवा, भेटायच्याच असतील तर काटकोनात ओलांडू द्या. गरम धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तर कोणतीच वायर टेकता कामा नये.

ग्रीसबद्दल थोडक्यात: डायइलेक्ट्रिक ग्रीस वीज वाहून नेत नाही. बुटाच्या आतल्या कडेला बोटाने पातळ हात फिरवायचा, बस. ट्यूबभर कोंबलं तर आत अडकलेली हवाच बूट वर ढकलते. बसवताना क्लिक जाणवला पाहिजे, दोन्ही टोकांना. प्लगच्या टोकावरची पेचाची टोपी सैल नाही ना, हेही तेव्हाच बघा.

जाड रंगीत वायर टाकून ताकद वाढत नाही. मूळ वायर निरोगी असेल तर सात मिलिमीटरची आणि साडेआठची ठिणगी सारखीच.

आता मूळ कारण. नव्या वायर वर्षभरात पुन्हा जात असतील तर प्लग काढून गॅप बघा. झिजलेल्या प्लगची फट रुंद होते, तिला ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते व्होल्टेज इन्सुलेशनमधली कच्ची जागा शोधतं. भार टाकला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि मागणी आणखी चढते, म्हणून मिसिंग चढावरच येतं. गॅसवर चालणाऱ्या गाडीत तर आधीच येतं: पेट्रोलवर मऊ चालते, गॅसवर टाकली की आचके. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारख्या काळ्या रेघा दिसल्या तर कॅप आणि रोटर दोन्ही बदला. बुटात तेल दिसलं तर आधी व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, मग वायर. तेलात भिजलेलं रबर फुगून मऊ पडतं.

जुन्या संचातली सगळ्यात लांब वायर चांगली निघाली तर टाकू नका. टोकं सारखी असतील तर ती कोणत्याही सिलिंडरला पुरते. सीटखाली ठेवून द्या.