अंथरूण ओलं होतंय? कौलांना दोष देण्याआधी या चुका टाळा

गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलं, माजघरात ओळीने अंथरुणं पडली आणि आमचे काका एकटेच पडवीत झोपायला लागले. वय अडुसष्ट. तिसऱ्या सकाळी गोधडी ओली दिसली, तर म्हणाले, "पडवीचा कौल गळता." मे महिन्यातच घर शाकारलेलं होतं. म्हणजे झोपेत लघवी होत होती, तरी मी गप्प बसले. ही माझी पहिली चूक.

काकांची चूक वेगळी होती. त्यांनी दुपारी चारनंतर पाणीच तोडलं होतं. हे जवळजवळ सगळेच करतात, आणि फसतात. पाणी तोडलं की लघवी गडद आणि तीव्र होते, ती मूत्राशयाला चिडवते. शौचास खडा होतो, आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. शिवाय आपल्या कोकणातला घाम! दिवसाचं पाणी कमी करू नका, त्याची वेळ बदला. बरंचसं पाणी संध्याकाळपर्यंत प्या आणि झोपण्याआधीच्या दोन तासांत घोट-दोन घोटांवर या. मात्र हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, तर तेच पाळा. गंमत म्हणजे पाणी तोडणारे काका रात्री पेज प्यायचे, वर सोलकढी, आणि भजनाला बसले की दोन कप चहा. ते मोजायचंच नाही? रात्रीच्या ताटात सुका बांगडा असेल तर त्याच्या मिठाने तहानही लागते.

दुसरी चूक मोठी: "म्हातारपणात व्हायचंच." पन्नाशी-साठीनंतरच्या पुरुषाचं अंथरूण नव्याने ओलं व्हायला लागलं, तर मूत्राशय पुरतं रिकामं होत नसण्याची शक्यता असते. मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढून वाट अडते, लघवीची पिशवी तुडुंब भरलेली राहते आणि झोपेत ती भरून सांडते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. पण मागचा दाब किडनीपर्यंत पोचतो. धार बारीक होणं, जोर करावा लागणं, जाऊन आल्यावरही पोट जड वाटणं या खुणा काकांना होत्या, फक्त कोणी विचारलं नव्हतं. सोनोग्राफीत लघवीला जाऊन आल्यावर पिशवीत किती उरते ते मोजतात. ती तपासणी, लघवी, साखर आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), एवढ्यावर बरंच उलगडतं. सुरुवात ग्रामीण रुग्णालयात होते. पुढे मूत्ररोगतज्ज्ञ लागला तर सिंधुदुर्गातले बरेच जण गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठतात, रत्नागिरीकडचे कोल्हापूर किंवा मुंबई.

डॉक्टरांकडे हात हलवत जाऊ नका. तीन दिवसांची नोंद घेऊन जा: किती वाजता, किती प्यायलं, किती लघवी झाली. मापाचा प्लॅस्टिकचा मग पुरतो. रात्री डायपर असेल तर कोरा आणि ओला दोन्ही वजन करा, फरकाचा एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. पासष्टीपुढच्या माणसाची 24 तासांतली एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्रीच होत असेल (पहाटे उठल्यावरची पहिली धरून), तर दोष नुसता पिशवीचा नाही. संध्याकाळी पायांवर सूज असणाऱ्यांचं असं होतं, कारण आडवं झालं की ते पाणी रक्तात परततं. दुपारनंतर तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडणं त्यांना उपयोगी पडतं.

गोळ्या स्वतः बंद करू नका. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी, झोपेची गोळी, काही मानसिक आजारांवरची औषधं यांनी हा त्रास होऊ शकतो. वेळ किंवा औषध बदलायचं ते डॉक्टरांनी. तसंच शेजाऱ्याला लागू पडलं म्हणून रात्रीची लघवी कमी करणारं डेस्मोप्रेसिन आणू नका. वयस्कांच्या रक्तातलं सोडियम त्याने धोकादायक उतरू शकतं.

तरुणांचं थोडं निराळं असतं. लहानपणापासून कधी थांबलंच नसेल तर ते अनेकदा घराण्यात चालत आलेलं असतं आणि त्यावर उपचार आहेत. लग्न ठरलं की मग धावपळ कशाला? मध्येच नव्याने सुरू झालं तर साखर, लघवीतला जंतुसंसर्ग, रात्रीची दारू तपासा. आणि घोरणंही. घोरताना श्वास अडला की हृदयावर ताण येतो आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. हे सांगितलं तेव्हा काकी म्हणाली, मग तुझ्या भावालाही दाखव.

लघवी अजिबात होत नसेल, लघवीत रक्त असेल, थंडी-ताप असेल किंवा पायांत अचानक बधिरपणा वा अशक्तपणा आला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. देवस्कीचा कौल लावायचा असेल तर नंतर लावा.

काकांना गोळी सुरू झाली. फरक पडायला काही आठवडे लागले, तोवर गादीवर रेक्झिन आणि वर सुती चादर. पावसात गोधडी चार-चार दिवस वाळत नाही, म्हणून ती आधी काढून ठेवली. ओलं लगेच थंड पाण्यात घातलं की वास धरत नाही. आणि संडास आवाराच्या टोकाला, वाटेत काळोख, चिखल, जनावराची भीती, म्हणून ते मुळात उठतच नव्हते, हे शेवटी कळलं. आता पडवीत एक बल्ब रात्रभर जळतो आणि खाटेखाली झाकणाचं भांडं असतं.