मर्क्युशिओ, रोमिओ आणि ती स्वप्नं: नाटक वाचताना या चुका टाळा

'रोमिओ अँड ज्युलिएट' शिकवायला लागले की दरवर्षी मुलांच्या उत्तरांत एक वाक्य येतंच, "मर्क्युशिओचा रोमिओ-ज्युलिएटच्या प्रेमावर विश्वास नव्हता." हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण रोमिओच्या या बिचाऱ्या मित्राला ज्युलिएटबद्दल काही माहीतच नाहीये. तो खिल्ली उडवतो ती रोझलाइनवरच्या प्रेमाची, जी रोमिओला दाद देत नाही आणि अख्ख्या नाटकात एक शब्द बोलत नाही. पार्टीनंतर रोमिओ भिंतीवरून उडी मारून ज्युलिएटच्या वडिलांच्या, कॅप्युलेटच्या बागेत गेलाय आणि मर्क्युशिओ बाहेर उभा राहून रोझलाइनच्या डोळ्यांची शपथ घालून त्याला हाका मारतोय, दुसऱ्या दिवशीही त्याच्या डोक्यात तीच, आणि तिसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात तो मरतो. टिबल्टने एवढा अपमान केला तरी रोमिओ गप्प का बसला हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. आपल्याला माहीत असतं की रोमिओचं ज्युलिएटशी नुकतंच लग्न झालंय आणि टिबल्ट आता बायकोचा मामेभाऊ आहे (मुलं सर्रास चुलतभाऊ लिहितात, पण ज्युलिएटची आई त्याला स्वच्छ 'माझ्या भावाचा मुलगा' म्हणते).

यावर उपाय सोपा आहे. पेन्सिल घ्या आणि मर्क्युशिओच्या प्रत्येक संवादाशेजारी लिहा, या क्षणी याला काय काय माहीत आहे? एवढं केलंत की त्याचं प्रेमावरचं बोलणं वेगळंच ऐकू येतं, झुरून झुरून अर्धा झालेल्या मित्राला परत हसता-बोलता करायची धडपड आहे ती.

दुसरी चूक म्हणजे मर्क्युशिओचं क्वीन मॅबवरचं भाषण गाळणं. अंक 1, प्रवेश 4. रोमिओ म्हणतो मला रात्री स्वप्न पडलं, मर्क्युशिओ म्हणतो मलाही, रोमिओ विचारतो तुझं काय? तर मर्क्युशिओ म्हणे, स्वप्नं बघणारे बरेचदा खोटं बोलतात. आणि मग ती मॅब येते. पऱ्यांची सुईण, अंगठीतल्या अकीकाच्या खड्यापेक्षा मोठी नाही, गाडी म्हणजे हेझलनटचं रिकामं कवच, ते पोखरून देणारी खार नाहीतर अळी, चाकांच्या आऱ्या कोळ्याच्या लांब पायांच्या, वरचं छप्पर नाकतोड्याच्या पंखांचं, चाबकाचा दांडा रातकिड्याच्या हाडाचा आणि गाडीवान करड्या कोटातलं चिलट. ही गाडी झोपलेल्यांच्या नाकांवरून जाते. वकिलाला फी दिसते, प्रेमिकाला प्रेम, पाद्र्याला आणखी एक चर्च, आपल्याकडे म्हणतात ना, मनी वसे ते स्वप्नी दिसे, तेच. पण सैनिकापाशी आल्यावर सूर बदलतो, गळे कापणं, दचकून जागं होणं, घाबरून पुटपुटलेली प्रार्थना, आणि मर्क्युशिओला थांबताच येत नाही, शेवटी रोमिओलाच त्याला शांत करावं लागतं. इथे अडकत असाल तर एकेका शब्दाचा अर्थ शोधत बसू नका, आधी न थांबता मोठ्याने वाचा. कुठे हसू थांबतं ते आपोआप कळतं. स्वप्न म्हणजे रिकाम्या डोक्याची पोरं असं म्हणणारा माणूस त्या नाटकातलं सगळ्यात मोठं स्वप्न रचतोय, हे गाळून काय हातात राहणार?

आणि हो, रोमिओचं स्वप्न काय होतं? ते तो सांगतच नाही. नोट्समध्ये कुणी 'रोमिओला मृत्यूचं स्वप्न पडलं' लिहिलं असेल तर ते इथे खोडा. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, ताऱ्यांमध्ये काहीतरी वाईट लटकतंय असं त्याला वाटतं, बस. सांगितलेलं स्वप्न येतं थेट पाचव्या अंकात, रोमिओ हद्दपार होऊन मँटुआ शहरात असताना. आपण मेलोय, ज्युलिएट आली, तिने ओठांवर श्वास फुंकला आणि आपण जिवंत होऊन सम्राट झालो. तो खूश आहे, आणि तेवढ्यात त्याचा नोकर बाल्थझार ज्युलिएट गेल्याची बातमी घेऊन येतो. आता थडग्यातला प्रसंग उघडून शेजारी ठेवा. ज्युलिएट मेलेली नसतेच, औषधाच्या झोपेतून ती जागी होते, तर रोमिओ विष पिऊन मेलेला, ती त्याच्या ओठांचं चुंबन घेते, पण विष उरलंय का ते बघायला. ओठ अजून गरम आहेत. स्वप्न खरं झालं की खोटं, याचं हो-नाहीत उत्तर लिहूच नका.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते 'सगळं नशिबाने झालं' लिहून. सुरुवातीच्या चौदा ओळीच सांगून टाकतात की या दोघांचे तारे उलटे आहेत, त्यामुळे मोह होतो हे मान्य. पण आर्थर ब्रुकच्या 1562 च्या ज्या कवितेवरून हे घेतलंय तिथे गोष्ट कित्येक महिने चालते, शेक्सपिअरने ती रविवार ते गुरुवार पहाट एवढ्यात कोंबली. कॅप्युलेट ज्युलिएटचं पॅरिसशी ठरवलेलं लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणतो, ते तारे नाही, बाप करतो. रोमिओ-ज्युलिएटची दोन्ही वैरी घराणी प्लेगने मरोत असा शाप मर्क्युशिओ देऊन जातो, आणि पुढे रोमिओकडे पत्र घेऊन निघालेला फ्रायर (मठातला साधू) जॉन प्लेगच्याच संशयावरून घरात कोंडला जातो, ज्युलिएट खरंच मेलेली नाही हे सांगणारं ते पत्र पोचत नाही. हे योगायोग की शाप? दोन्ही बाजू लिहा. रोमिओ ताऱ्यांना आव्हान देतो आणि त्याच दमात विष आणायला निघतो, ते तर विसरूच नका.

छोटी चूक, ज्युलिएटच्या प्रसिद्ध संवादातला 'व्हेअरफोर' म्हणजे कुठे नाही, का. तू रोमिओच का आहेस, असं विचारतेय ती.

शेवटी बाल्थझारचं एक वाक्य आहे, त्यावरून नजर घसरू देऊ नका. रोमिओ थडग्यात शिरताना पॅरिसला मारतो. या दोघांचं लग्न लावणारा फ्रायर लॉरेन्स येतो तेव्हा बाहेर यूच्या झाडाखाली बसलेला बाल्थझार त्याला सांगतो, मला इथे झोप लागली होती, स्वप्न पडलं की मालक कुणाशी तरी लढले आणि त्याला मारलं. फ्रायर पुढे जातो, तर दगडांवर रक्त.