९९२१४ टाकायच्या आधी चार्टमध्ये काय शोधायचं

मेडिकल कोडिंगची (डॉक्टरच्या नोटवरून बिलाचे कोड लावायचं काम) नवीन बॅच फ्लोअरवर आली की पहिल्या आठवड्यात सगळ्यांची एकच चूक होते, मेडिकेशन लिस्टमध्ये गोळी दिसली की प्रिस्क्रिप्शन ड्रग मॅनेजमेंट (चिठ्ठीच्या औषधाबद्दल डॉक्टरने घेतलेला निर्णय), मॉडरेट रिस्क, टाक ९९२१४, म्हणजे जुन्या पेशंटच्या ऑफिस व्हिजिटचा चौथ्या लेव्हलचा कोड. मीही हेच करायचो, एकदा क्यूएने (आमचं काम तपासणारी टीम) एका शिफ्टमध्ये माझे अकरा चार्ट परत मारले तेव्हा डोळे उघडले. तर अमेरिकन क्लिनिकच्या ऑफिस व्हिजिट ज्यांच्या क्यूमध्ये आहेत त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी नोटमध्ये टाइम लिहिलाय का बघा. २०२१ पासून ऑफिस व्हिजिटची लेव्हल एमडीएमवर (मेडिकल डिसिजन मेकिंग, म्हणजे डॉक्टरचा निर्णय किती गुंतागुंतीचा होता) नाहीतर टाइमवर ठरते, हिस्ट्री-एक्झामचे पॉइंट मोजायचे दिवस गेले. डॉक्टरने त्या दिवसाची ३० मिनिटं नीट लिहिली असतील तर ९९२१४ तिथेच बसतो, पुढचा खटाटोप नको.

टाइम नसेल तर मेडिकेशन लिस्ट बाजूला ठेवा, ती बऱ्याचदा मागच्या व्हिजिटमधून आपोआप उतरलेली असते. थेट असेसमेंट-प्लॅन वाचा, म्हणजे नोटमधला निदान आणि उपचाराचा भाग. औषधाचं नाव, डोस, कशासाठी, आणि आज त्याचं काय ठरलं, एवढं सापडलं पाहिजे. 'बीपी, कंटिन्यू मेड्स' एवढ्यावर ऑडिटर खूश होत नाही. तेच 'लिसिनोप्रिल १० मिग्रॅ चालू, आज बीपी १२८/७८, खोकला नाही, पोटॅशियम नॉर्मल, डोस तोच ठेवतोय' असं असेल तर गोळी बदलली नाही तरी मॅनेजमेंट झालंच. औषध द्यायचा विचार झाला, पेशंटशी बोलणं झालं आणि नको ठरलं, तेही चालतं, पण लिहिलेलं हवं.

आता खरी गोची. रिस्क मॉडरेट झाली म्हणजे लेव्हल झाली असं नाही, एमडीएमचे प्रॉब्लेम (आजार), डेटा (बघितलेल्या टेस्ट, रिपोर्ट), रिस्क (उपचाराची जोखीम) या तीनपैकी दोन त्या लेव्हलचे लागतात. साधा घसा दुखला, अँटिबायोटिक दिलं, डेटा काही नाही, तर प्रॉब्लेम लो, म्हणजे एक लेव्हल खालचा ९९२१३, कितीही जीव तुटला तरी. दोन स्टेबल क्रॉनिक आजार असतील तर मॉडरेट. आणि 'स्टेबल' शब्दावर जाऊ नका, बीपी कित्येक महिने १५०/९२ वरच आहे आणि टार्गेट त्याच्या खाली आहे, तर तो पेशंट कोडिंगच्या हिशोबाने स्टेबल नाही, तो एकटा आजारही मॉडरेटला पुरतो.

दुकानातून कोणीही घेतो ती आयबुप्रोफेन २०० प्रिस्क्रिप्शन ड्रग मॅनेजमेंटमध्ये मोजू नका, ८०० लिहून दिली तर मोजा. मेथोट्रेक्सेटसाठी सीबीसी-लिव्हर टेस्ट टॉक्सिसिटी बघायला निदान तीन महिन्यांतून एकदा होत असतील तर हाय रिस्कचा (मॉडरेटच्या वरची) विचार करा, पण इन्सुलिनवाल्याची शुगर बघणं त्यात येत नाही, ती औषध लागू पडतंय का यासाठी असते. झेड७९ चे कोडही (पेशंट एखादं औषध दीर्घकाळ घेतोय हे सांगणारे) जाता जाता बघा, इन्सुलिनला झेड७९.४ विसरतातच लोक.

काही अडलं तर मनाने भरू नका, क्वेरी टाका (डॉक्टरला लेखी विचारा), आणि 'तुम्ही डोस रिव्ह्यू केला ना?' असं उत्तर तोंडात घालून विचारू नका, 'या औषधाबद्दल आज काय ठरलं ते स्पष्ट करावं' एवढंच. आणि संध्याकाळी लवकर पाठवा, तिकडे ईस्ट कोस्टला सकाळ असते, पहिला पेशंट आत जायच्या आधी डॉक्टर इनबॉक्स उघडतो, नंतर दिवसभर हाती लागत नाही.