रात्रभराची ओरिएंटिअरिंग रिले : क्लबच्या संघातून पहिल्यांदा कसं उतरायचं

डिसेंबर-जानेवारीत खानदेशात रात्री शिवारात बॅटऱ्या हलताना दिसणं नवं नाही. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीत आली की गव्हा-हरभऱ्याला पाणी भरणारा शेतकरी दोन वाजताही बांधावर उभा असतो. त्याच शिवाराला लागून असलेल्या पडीक टेकड्यांवर हिवाळ्यात आमच्या क्लबचे हेडलॅम्पही फिरतात. हा लेख अशा माणसासाठी आहे, ज्याला क्लबवाल्यांनी सांगितलंय, "एक जण कमी पडतोय, तू ये," आणि त्यानं हो म्हटलंय.

ओरिएंटिअरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्राच्या आधारानं ठरलेली ठिकाणं ठरलेल्या क्रमानं शोधणं. प्रत्येक ठिकाणी नारिंगी-पांढरा झेंडा टांगलेला असतो. त्याला कंट्रोल म्हणतात. तिथल्या पंचनं, म्हणजे भोकं पाडायच्या चिमट्यानं, कार्डावर नोंद करायची आणि पुढे निघायचं. दोन कंट्रोलच्या मधली वाट ज्याची त्यानं निवडायची. रिलेत एक जण आपला टप्पा संपवून आला की दुसरा सुटतो. स्वीडनची टिओमिला १९४५ पासून आणि फिनलंडची युकोला १९४९ पासून अशीच रात्रभर धावली जाते. टिओमिलाच्या मुख्य शर्यतीत एका संघाचे दहा टप्पे असतात, युकोलात सात. मात्र युकोला जूनमध्ये होते, आणि तिकडची जूनची रात्र लहान आणि उजळ असते. आपली डिसेंबरची रात्र तेरा तासांची आणि काळीकुट्ट. त्यामुळे त्यांची पद्धत घ्यायची, पण तयारी आपल्या रात्रीची करायची. आमच्याकडे पाच जणांचा संघ असतो, प्रत्येकाला चार-पाच किलोमीटरचा टप्पा, आणि सुटायची वेळ रात्री नऊ.

आधी तोच नकाशा दिवसा फिरा

नवख्यानं पहिला सराव रात्री करू नये. एकाच नकाशावर तीनदा जा : एकदा सकाळी, एकदा दिवेलागणीला, एकदा पूर्ण अंधारात. कंट्रोल तेच ठेवा. दिवसा सहज वाटलेला नाला रात्री कसा दिसतो, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

नकाशा बहुतेक वेळा १:१०,००० चा असतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर शंभर मीटर. तपकिरी रेषा समोच्च रेषा, निळं ते पाणी, काळे ते खडक, वाटा आणि बांधकाम, पिवळी ती मोकळी जमीन, हिरवं ते दाट झुडूप. इथे नवखे हमखास फसतात. पांढरा रंग म्हणजे रिकामी जागा नव्हे, पांढरा म्हणजे पळता येईल असं झाडीचं रान. नकाशावरच्या उभ्या रेषा चुंबकीय उत्तरेकडे जातात, म्हणून होकायंत्राची सुई त्यांच्याशी जुळली की नकाशा बरोबर लागला. होकायंत्र आडवं धरा आणि मोबाइल किंवा हेडलॅम्पच्या बॅटरीचा डबा त्याच्याजवळ नेऊ नका. सुई हलते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

मग पावलं मोजायला शिका. सपाट रस्त्यावर टेपनं शंभर मीटर मोजून घ्या आणि डावं पाऊल किती वेळा पडतं ते मोजा. माझं चालताना ६४ वेळा पडतं, हळू पळताना ४२ वेळा. मुरमाड चढावर हेच आकडे सत्तरीवर जातात, काळ्या नांगरटीत त्याहून पुढे. तिन्ही ठिकाणचे आकडे हाताच्या पाठीवर पेनानं लिहून ठेवा.

आपलं रान ओळखा

पुस्तकांतली उदाहरणं बहुधा युरोपातल्या जंगलांची असतात. आपल्याकडे ओळखीच्या खुणा वेगळ्या आहेत. टेकड्यांवर खोदलेले सलग समतल चर ही तर मोठीच देणगी. चर समोच्च रेषेला धरून खणलेला असतो. अंधारात चर लागला आणि तुम्ही त्याच्या कडेनं चालत राहिलात, तर तुम्ही चढतही नाही, उतरतही नाही, एकाच उंचीवर आहात हे पक्कं. पण तोच चर पळताना दिसला नाही तर घोटा जातो. म्हणून उतारावर पळायचं नाही, हा आमच्या क्लबचा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला पुढच्या रिलेत घेत नाहीत.

नाल्याचं वळण, पाझर तलावाचा सांडवा, सिमेंटचा बंधारा, गायरानाची दगडी हद्द, एकटं अंजनाचं झाड : रात्री भरवसा यांचाच. बाभळी आणि घाणेरीच्या जाळीतून सरळ रेषा काढायचा मोह टाळा. नाल्याच्या काठानं लांबून गेलेला माणूस आधी पोचलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ विजारीचे. कुसळी गवत मोज्यांत शिरलं की तिसऱ्या किलोमीटरला पाऊल टाकवत नाही. गुडघ्याखाली गेटर, म्हणजे पोटरीभोवतीचं जाड कापडी वेष्टण, बांधा किंवा विजारीवरून जाड मोजा ओढून घ्या. त्यानं काटेही अडतात, आणि फुरशासारख्या सापापासून थोडा बचावही होतो.

कंट्रोलकडे जायची रात्रीची रीत

हा भाग नीट वाचा, कारण सगळी रात्र इथेच जिंकली किंवा हरली जाते.

दिवसा आपण कंट्रोलकडे जातो. रात्री आधी त्याच्याजवळच्या, हमखास सापडेल अशा जागेकडे जायचं. समजा, कंट्रोल एका लहान घळीच्या तोंडाशी आहे. घळ अंधारात दिसणार नाही. पण तिच्या अलीकडे पाझर तलावाचा सांडवा आहे, आणि सांडव्याचं सिमेंट चुकणं शक्य नाही. आधी तिथे जा. थांबा. नकाशावर अंगठा सांडव्यावर ठेवा. सांडव्यापासून घळीपर्यंत १४ मिलिमीटर, म्हणजे १४० मीटर, म्हणजे माझी चालत ९० पावलं. होकायंत्रावर दिशा लावा, बॅटरीच्या उजेडात वीस-तीस पावलांवरचं एक झुडूप त्या दिशेला पकडा, तिथे जा, पुढचं पकडा. सत्तरीच्या पुढे पावलं मोजताना प्रकाश डावीकडे-उजवीकडे फिरवत राहा. झेंड्यावर चकाकणारी पट्टी असेल तर ती एकदम डोळ्यांत येते.

नव्वद झाली, शंभर झाली, आणि काही नाही? मग गोल गोल फिरू नका. रात्री गोल फिरलेला माणूस पाच मिनिटांत दिशा हरवतो. सरळ सांडव्यावर परत या आणि पुन्हा मोजा. चार मिनिटं जातील, चाळीस वाचतील.

दुसरी युक्ती मुद्दाम चुकवण्याची. नाल्यावरच्या बंधाऱ्याकडे जायचं असेल तर नेम बंधाऱ्यावर धरू नका, पन्नास मीटर डावीकडे धरा. नाला लागला की उजवीकडे वळायचं हे आधीच ठरलेलं असतं. थेट नेम धरलात आणि बंधारा दिसला नाही, तर कोणत्या बाजूला वळायचं हेच कळत नाही.

उंची डोळ्यांना दिसत नाही तेव्हा पोटऱ्यांवर लक्ष ठेवा. चढ लागला, संपला, उतार सुरू झाला, हे नकाशाशी जुळवत चला.

दुसऱ्याच्या उजेडामागे जाऊ नका

रिलेत मार्ग आखणारे फाटे ठेवतात. प्रत्येक संघाची एकूण कंट्रोल सारखीच, पण कोणत्या टप्प्याला कोणतं कंट्रोल हे वेगवेगळं. पुढच्या माणसाचं कंट्रोल तुमच्याहून शंभर मीटरवर, शेजारच्या नाल्यात असू शकतं. म्हणून प्रत्येक झेंड्याला क्रमांक असतो आणि तुमच्या नकाशावर तो छापलेला असतो.

माझ्या दुसऱ्या रिलेत मी तिसऱ्या टप्प्याला होतो. पुढे दोन हेडलॅम्प एका घळीत उतरताना दिसले आणि मीही उतरलो. झेंडा होता, पंच होता, श्वास लागला होता. क्रमांक न पाहता पंच मारला. माझं कंट्रोल पलीकडच्या घळीत होतं. सकाळी कार्ड तपासताना ते निघालं आणि आमचा संघ बाद झाला. पाचव्या टप्प्याला उतरलेली आमची ताई तेव्हा अजून डोंगरात होती, थंडीत, नकाशा लावत, बाद झालेल्या संघासाठी. ती परत आल्यावर तिला मीच सांगितलं. ती काही बोलली नाही, मला पाण्याची बाटली दिली. त्या दिवसापासून मी पंच मारायच्या आधी क्रमांक मोठ्यानं वाचतो, नकाशातला एकदा आणि झेंड्यावरचा एकदा. हीच सवय तुम्ही पहिल्या दिवसापासून लावा.

तळावरची जागल

तुमचा टप्पा अडीचेक तासांचा, पण रात्र सगळ्यांची. तळावर एक जण कायम जागा हवा. आमच्याकडे त्याला जागल्याच म्हणतात. कोण कधी सुटला, कधी येईल, पुढच्याला कधी उठवायचं, हे तो वहीत लिहितो. पुढच्याला पाऊण तास आधी उठवा. त्याहून कमी वेळात अंग मोकळं होत नाही.

शेकोटीला कापसाच्या पऱ्हाट्या असतातच. पण तुमची पाळी वीस-तीस मिनिटांवर आली की जाळाकडे पाठ करून बसा. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो आणि एकदा जाळाकडे पाहिलं की सगळं पाण्यात जातं. तळावर हेडलॅम्प मंद ठेवा, कुणाच्या तोंडावर मारू नका.

सुटायच्या दोन तास आधी खिचडी आणि केळी पुरे. शेवभाजीचा वास कितीही येवो, ती सकाळसाठी.

टप्पे वाटताना पहिल्याला असा माणूस द्या, जो गर्दीत विचलित होत नाही, कारण तिथे सगळे संघ एकदम सुटतात. मधल्या काळोख्या टप्प्यांना अनुभवी लोक. नवख्याला शेवटून दुसरा, म्हणजे त्याचा अर्धा टप्पा उजाडताना येईल. नकाशा हातात घेताना संघाचा आणि टप्प्याचा क्रमांक तुम्हीच तपासा. चुकीचा नकाशा घेऊन पळालात तर जबाबदारी तुमची.

सुरक्षेचं

आयोजकांना चार गोष्टी विचारल्याशिवाय उतरू नका. वनखात्याची जमीन असेल तर लेखी परवानगी आहे का? अभयारण्यात रात्रीची रिले नको, पाटणादेवीचं रान कितीही आवडत असलं तरी. आसपासच्या गावांत सरपंच आणि पोलीस पाटलांना कळवलंय का? शेतीपंपाच्या मोटारी आणि केबल चोरीला जातात, त्यामुळे अनोळखी उजेड दिसला की लोक काठ्या घेऊन निघतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. कठडा नसलेल्या विहिरी नकाशावर दाखवून दोरीनं घेरल्या आहेत का? डुकरांसाठी झटका मशीन लावलेली कुंपणं कुठे आहेत? तारेचं कुंपण कधीही ओलांडायचं नाही. कधीकधी त्यात थेट वीज सोडलेली असते आणि माणसं मेली आहेत.

गळ्यात शिट्टी हवीच. मदत हवी तर मिनिटात सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा वाजवा. शिट्टी ऐकणाऱ्यानं शर्यत सोडून जायचं. मोबाइल सीलबंद पिशवीत. आणि टप्पा अर्धवट सोडलात तरी तळावर येऊन नाव सांगा, नाहीतर वीस माणसं तुम्हाला डोंगरात शोधत बसतील.

उजाडल्यावर

झोपायच्या आधी लाल पेनानं नकाशावर आपण खरोखर गेलो ती वाट काढा. जिथे थांबलात तिथे फुली मारा, किती मिनिटं गेली ते लिहा. दुपारपर्यंत हे आठवत नाही. तेवढ्यात कुणीतरी पऱ्हाट्यांच्या निखाऱ्यात वांगी टाकलेली असतात. भरीत होईस्तोवर पाचही नकाशे एका सतरंजीवर पसरा आणि सामायिक कंट्रोलला कोण कुठून गेलं ते बघा. मग दोघांनी उठून झेंडे गोळा करायला जायचं. गेले तेवढे पोत्यात परत आले की नाही, ते जागल्याच्या वहीशी मोजून घ्यायचं.