गिअरच्या गाभ्यातला पर्लाइट

कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या फाउंड्रीत खाणयंत्रांसाठी ओतलेले डक्टाइल आयर्नचे (ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेल्या ओतीव लोखंडाचे) जाड गिअर 900 अंश सेल्सिअसवर तापवून 360 अंशांच्या सॉल्ट बाथमध्ये, म्हणजे वितळलेल्या क्षारांत, सोडले, तरी काही नग तुटतच होते. एक नग मधोमध कापून, पॉलिश करून नायटलने (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या द्रावणाने) एच केला, म्हणजे आतली रचना दिसेल असा हलका कोरला, तेव्हा कडेला ऑसफेराइट ही हवी असलेली सुईदार, चिवट रचना आणि गाभ्यात मात्र पर्लाइटचे, म्हणजे हळू थंड झाल्यावर बनणाऱ्या नको असलेल्या रचनेचे, काळपट ठिपके दिसले. म्हणजे गाभा पुरेशा वेगाने थंड होत नव्हता.

माझा पहिला उपाय चुकला. पर्लाइट बनायला उशीर व्हावा म्हणून मी मिश्रणात स्वस्त असलेले मँगनीज वाढवले. पर्लाइट हटला, पण मँगनीज शेवटी गोठणाऱ्या सेल-सीमांवर (गोठणाऱ्या धातूच्या कणसमूहांमधल्या सीमांवर) साचते आणि तिथले रूपांतर इतके लांबवते, की उरलेला ऑस्टेनाइट (तापवल्यावर बनलेली मूळ रचना) थंड होताना ठिसूळ मार्टेन्साइट होतो. चिवटपणा आणखी घटला.

मग मँगनीज 0.25 टक्क्यांखाली आणून तांबे 0.8 टक्के आणि निकेल 1.5 टक्के ठेवले. हे दोन्ही ग्रॅफाइटच्या गोळ्यांभोवती अधिक राहतात, सीमा बिघडवत नाहीत, आणि पर्लाइटला उशीर लावतात. मॉलिब्डेनम कठिणीभवन-क्षमता (जाड नग गाभ्यापर्यंत पर्लाइटविना थंड होण्याची क्षमता) झपाट्याने वाढवते, पण तेही सीमांवरच जमते, म्हणून ते मी 0.15 टक्क्यांवर थांबवले. पुढच्या हीटमधला (वितळणीच्या फेरीतला) नग कापला, तेव्हा गाभ्यापर्यंत ऑसफेराइटच दिसला.