टॉटनहॅमच्या स्टेडियममध्ये अवे फॅन म्हणून जाताना

टॉटनहॅम या फुटबॉल क्लबचं उत्तर लंडनमधलं हे स्टेडियम २०१९ साली सुरू झालं. क्षमता ६२,८५०, पण प्रीमियर लीगच्या (इंग्लंडची अव्वल फुटबॉल लीग) सामन्याला अवे फॅन, म्हणजे पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या वाट्याला जेमतेम ३,००० जागा येतात. तिकीट टॉटनहॅमकडून नव्हे, आपल्याच क्लबकडून घ्यायचं. लीगमध्ये अवे तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. कुणी जास्त मागत असेल तर सरळ नाही म्हणा. होम स्टँडचं, म्हणजे यजमान चाहत्यांच्या भागातलं तिकीट काढून आपली जर्सी घालून बसणं तर नकोच, बाहेर काढतात.

लंडनला यायचं रेल्वेचं आगाऊ तिकीट घाईने काढू नका. टीव्हीसाठी सामन्याचा वार आणि वेळ बदलते, आणि स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून ओव्हरग्राउंडने (लंडनची शहरी रेल्वे) व्हाइट हार्ट लेन स्टेशनला उतरा, स्टेडियम समोरच आहे. भाड्यासाठी चढताना-उतरताना स्टेशनवरच्या यंत्राला एकच कार्ड टेकवा, नाहीतर जादा भाडं कापलं जातं. पाहुण्यांचा विभाग ईशान्य कोपऱ्यात. बॅग ए-४ कागदापेक्षा मोठी नको. आत रोख चालत नाही, कार्ड लागतंच.

इथली बिअर ग्लासच्या तळातून भरते: तळाचं झाकण दाबलं की वर उचललं जातं, ग्लास भरून उचलला की चुंबकाने घट्ट बसतं. तळाशी बोट घालू नका, सगळी सांडेल. ग्लास घेऊन सीटवरही जाता येत नाही. फुटबॉल सामन्यात मैदान दिसेल अशा ठिकाणी दारू प्यायला इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने बंदी आहे.

अवे विभागात बहुतेक सगळे उभेच राहतात. लहान मूल सोबत असेल तर तिकीट घेताना पुढच्या रांगांतल्या जागा मागा.

सामना संपल्यावर व्हाइट हार्ट लेनला लांबच लांब रांग लागते. त्यापेक्षा अर्धा तास चालत सेव्हन सिस्टर्स गाठा, तिथून भुयारी रेल्वेची व्हिक्टोरिया लाइन मिळते.